गार पाण्याची आंघोळ

‘आज आंघोळ नाही केलीस?’

सकाळी पावणेनऊला मोबाइलवर हा मेसेज आला आणि शिवणकाम करणाऱ्या ताईच्या हातून कात्री निसटली. नंबर अनोळखी होता, पण असं खोचून विचारायची खोड नवऱ्याचीच. त्याच्या माराला भिऊन ती दीड महिन्यापूर्वी या भाड्याच्या खोलीत येऊन लपली होती.

तिने पोलिसांना फोन केला. तासाभरात सायबर शाखेच्या फौजदारबाई आल्या. ताईने आधीचे मेसेज दाखवले. ‘आज लवकर उठलीस.’ ‘रविवारी दोनदा आंघोळ?’

बाईंनी बाथरूमचा कोपरान्‌कोपरा चाचपला. कॅमेरा कुठेच नव्हता.

“आज आंघोळ केलीत?”

“केली की. गार पाण्याने. ब्लाउज द्यायची घाई होती, गिझर लावलाच नाही.”

“इथला पत्ता कोणाला माहीत आहे?”

“फक्त धाकट्या भावाला. गिझरसुद्धा त्यानेच बसवून दिला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

भावाला बोलावलं. तो धापा टाकतच आला.

“हा गिझर मोबाइलवरून चालतो ना?” बाईंनी विचारलं.

“हो. माझ्या मोबाइलवर जोडलाय. का?”

“तो माणूस तुमच्या बहिणीला बघत नाहीये. बघत असता तर आजची आंघोळ त्याला दिसली असती. त्याला फक्त गिझर कधी लागला ते कळतं. आज लागला नाही, तिथेच तो चुकला. मोबाइल द्या.”

गिझरच्या अ‍ॅपमध्ये दोन नावं होती. एक भावाचं. दुसरं, ‘दाजी’.

भाऊ ताईकडे वळला. “ताई, ते दारात येऊन रडले गं. ती बरी आहे एवढंच कळू दे, म्हणाले. गिझरवरून काय कळणार, असं वाटलं मला. पत्ता नाही दिला मी, आईशपथ.”

बाईंनी स्क्रीन त्याच्यापुढे धरली. वॉरंटीसाठी त्यानेच भरलेला पत्ता तिथे होता, मजला आणि खोलीच्या नंबरासकट. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि वर कुंपणच रडत होतं.

त्याने घाईघाईने दाजींच्या नावावर बोट नेलं.

“काढू नका. सावध होईल तो.”

तेवढ्यात ताईचा मोबाइल वाजला. ‘घरीच आहेस ना?’

बाईंनी ताईला मागच्या जिन्याने शेजारच्या इमारतीत पाठवलं, सोबतचे दोन हवालदार दाराआड उभे केले आणि गिझरचं बटण दाबलं.

वीस मिनिटांनी बेल वाजली.

“झाली का आंघोळ?” बाहेरून हसरा आवाज आला.

दार फौजदारबाईंनी उघडलं.