बंद खाडीतला चोर

खाडीच्या राखणदाराची बायको दारात आली तेव्हा फौजदारबाई चहात पाव बुडवत होत्या. पोलिसातली नोकरी सोडून त्यांना जमाना झाला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. समोर शेजारचे मास्तर बसले होते. निवृत्तीनंतर बाईंची पिशवी सांभाळणं हाच त्यांचा उद्योग होता.

तिने उभ्याउभ्याच सांगितलं. मासा वाढावा म्हणून खाडीत मासेमारी बंद केली, त्याला बरीच वर्षं झाली होती. मासा वाढायचं सोडून बोय, म्हणजे तिथली छोटी रुपेरी मासळी, मत्स्य खात्याच्या दर गणतीत घटत होती. राखणदारच चोरांना सामील आहे, असं खात्याच्या साहेबांनी ठरवून टाकलं होतं. उद्या त्याला पोलिसांत देणार होते.

"बाई, हे सख्ख्या भावालाही सोडत नाहीत," ती म्हणाली. "बंदी मोडली म्हणून थोरल्या दिरांची जाळी ह्यांनी स्वतःच्या हाताने जाळली. तेव्हापासून त्यांच्या घरचं पाणीसुद्धा आम्हाला वर्ज्य आहे."

बाई आधी गणतीवाल्या मॅडमकडे गेल्या. मॅडमनी आपलं बारीक विणीचं जाळं पुढे टाकलं. पाण्यात लावून ठेवलं की चोर येऊन सुरीने फाडतात, अशी त्यांची तक्रार होती. बाईंनी भोकावरून बोट फिरवलं. दोरे पिंजलेले होते आणि सगळे बाहेरच्या बाजूला वळलेले. चोराची सुरी बोथट असावी, असा निष्कर्ष मास्तरांनी काढला.

मासळीबाजारात बोय कित्येक दिवसांत आलेच नव्हते. चोर घरीच खात असणार, असं मास्तर म्हणाले. बाईंनी बर्फाच्या कारखान्याची वाट धरली.

राखणदाराचा थोरला भाऊ आता बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढत होता. आपण फक्त हातभर लांबीचा जिताडा मासा धरायचो, असं त्याने सांगितलं. जाळ्याची भोकं एवढी मोठी असत, की बोय त्यातून आरामात निघून जात. चोरीबद्दल विचारताच तो कडवट हसला.

"खाडीत गेलो तर धाकट्याचं तोंड बघावं लागेल," तो म्हणाला.

निघताना बाईंनी त्याच्याकडे एक गळ मागून घेतला, आणि मग साहेबांकडून तो एकदाच टाकायची परवानगी घेतली.

संध्याकाळी राखणदाराच्या चौकीत सगळे जमले.

"कुंपणच शेत खातंय, दुसरं काय," साहेब म्हणाले.

"चोरीचा माल कुठेतरी विकला जातो," बाई शांतपणे म्हणाल्या. "हा कुठेच विकला गेला नाही. आणि सुरीने दोरा सरळ कापला जातो. हे जाळं आतून धडक बसून फाटलंय. चोर जाळ्यात होता, साहेब."

त्यांनी गळाला लागलेला जिताडा टेबलावर ठेवून चिरला. पोटात बोयच बोय होते.

पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. पूर्वी मोठा जिताडा माणसं नेत होती, म्हणून बोय टिकून होते. बंदीने माणसं थांबली, जिताडा मातला. तो मॅडमचं जाळं फाडून निघून जायचा, त्यामुळे गणतीत कधी आलाच नाही. राखण जितकी चोख झाली, तितके बोय संपत गेले.

बंदी उठवली तर बाहेरच्या होड्या बारीक जाळ्यांनी उरलंसुरलं खरवडून नेतील, आणि नाही उठवली तर बोय संपल्यावर जिताडाही उपाशी मरेल, असं मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या. फक्त मोठ्या भोकांच्या जाळ्यांना मुभा द्यावी, असं मास्तरांनी मोठ्या आशेने सुचवलं. बंदी म्हणजे बंदी, नियमात तशी सोय नाही, असं सांगून साहेबांनी राखणदारावरचा आरोप तेवढा मागे घेतला.

राखणदाराच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद नव्हता.

"दादाने सांगितलं होतं," तो म्हणाला. "मोठा मासा आम्हाला धरू दे, नाहीतर लहान उरणार नाही. मी त्याला सगळ्यांदेखत चोर म्हणालो."

मास्तरांना फार वाईट वाटलं, आणि आपण काहीच करू शकत नाही हे त्याहून वाईट वाटलं.

साहेब गेल्यावर बायको फौजदारबाईंजवळ आली.

"चोर सापडला असता तर बरं झालं असतं, बाई. ह्यांनी भाऊ कशासाठी तोडला, ते तरी सांगता आलं असतं."

बाहेर राखणदाराने होडी पाण्यात ढकलली आणि तो गस्तीला निघाला.