पंखाच्या आतून आलेले दोन ठोके

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. मी स्वतः जन्मभर पत्र्याचं काम केलेला माणूस. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की पहिला हसणारा मीच. पण हे माझ्या बायकोच्या बाबतीत घडलंय, माझ्या डोळ्यांसमोर. ती शेड अजून उभी आहे. कुलूप लावलेली.

२०१७ सालचा नोव्हेंबर. शनिवारची संध्याकाळ. जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गमधलं आमचं गाव आणि तळ्याकाठची विमान कारखान्याची जुनी शेड.

कारखान्याचं नाव सांगत नाही. गावातही कुणी घेत नाही, नुसतं 'तो कारखाना' म्हणतात. माझ्या आजोबांच्या तरुणपणी तिथे टपाल नेणारी छोटी विमानं बनायची. मग सरकार बदललं आणि बॉम्ब टाकणारी विमानं बनायला लागली. पुढे युद्धात माणसं कमी पडली, तेव्हा युक्रेन आणि पोलंडमधून मुली उचलून आणल्या. युद्ध संपल्यावर रशियनांनी यंत्रं स्क्रूसकट काढून नेली. उरलेल्या पत्र्याची गावाने पातेली केली. आमच्या घरात त्यातली एक चाळणी अजून आहे, बटाटे निथळायला.

मग त्या वर्षी एक अख्खा पंख सापडला. रेल्वेच्या रुळांजवळ एका शेतकऱ्याने मेंढ्यांच्या गोठ्यावर छप्पर म्हणून टाकला होता.

आम्ही म्हाताऱ्यांनी तो शेडमध्ये आणला आणि साफ केला. आत वाळू होती आणि उंदरांची घरटी. दुसरं काही नव्हतं. रविवारी गावाला दाखवायचा होता, आणि एकच पत्रा बसवायचा राहिला होता.

पत्रा रिव्हेटने, म्हणजे टोक ठोकून चपटं करायच्या खिळ्यांनी, बसवायला दोन माणसं लागतात. बाहेरचा हवेच्या हातोड्याने मारतो. आतला पोलादी ठोकळा दाबून धरतो, म्हणजे रिव्हेटचं टोक आतून चपटं होतं. पंखाच्या आत मावेल इतकी लहानखुरी फक्त माझी बायको होती. रोझविता. आमची रोझी.

"तुझी ढेरी आत मावली असती, तर मी कशाला घुसले असते?" ती जाड टोकाकडून आत सरपटत म्हणाली.

"ठोकळा नीट धर. गेल्या वेळी निम्मे वाकडे बसले."

"हातोडा तुझ्या हातात होता, नवरोजी!"

हातोड्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. कानावर टोप्या असतात. म्हणून आतला पत्र्यावर ठोके देतो. एक ठोका, अजून मार. दोन ठोके, ठीक आहे, पुढे चल. तीन ठोके, थांब, मला बाहेर यायचंय.

शेडमध्ये आमच्याशिवाय इर्मट्राउट मावशी होती. रोझीची मावशी, एक्क्याण्णव वर्षांची. उद्या फीत तीच कापणार होती, कारण त्या कारखान्यात काम केलेली गावात ती एकटीच उरली होती. चाकांच्या खुर्चीत, हीटरजवळ, घोंगडी घेऊन तिचा डोळा लागला होता. मावशी तिथल्या कामाबद्दल कधी बोलायची नाही. तिच्या घरातलं एकही कपाट ती बंद करू द्यायची नाही. आम्ही त्याला उंदरांचं हॉटेल म्हणायचो.

मी सुरुवात केली.

आधी रोझी नेहमीसारखीच होती. कधी एक ठोका, कधी उशिराने दोन, मध्येच वैतागून पत्र्यावर लाथ.

मग ठोके बदलले...

रिव्हेट बसला की लगेच दोन. ठक... ठक.

हलके. एकसारखे. पुन्हा 'अजून मार' आलंच नाही.

मी खूश. म्हटलं, आली बाई लायनीवर. पत्रा पूर्ण बसवला, हातोडा ठेवला, टोप्या काढल्या.

"रोझी, झालं! ये बाहेर, केक संपवू."

ठक... ठक.

"अगं, ये ना."

ठक... ठक.

"चेष्टा पुरे. पाठ मोडली माझी."

ठक... ठक.

रोझी एवढा वेळ गप्प बसू शकत नाही.

"हेनिंग." मागून मावशीचा आवाज आला. ती जागी होती. "आत कोण आहे?"

"रोझी. अजून कोण असणार?"

मावशीने खुर्ची पुढे ढकलली आणि तळहात पत्र्यावर टेकला.

ठक... ठक.

तिने हात झटकन मागे घेतला.

"ही रोझी नाही. उघड."

"मावशी, आत्ता तर बंद केलंय. उद्या लोक येणार..."

"उघड म्हणते ना!" तिला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "दोन ठोक्यांवर विश्वास ठेवू नकोस!"

मी जाड टोकाशी धावलो आणि बॅटरी मारली. खूप आत रोझीच्या बुटांचे तळवे दिसले. मी हाका मारल्या. तळवे हलले नाहीत.

आणि ते हलत नसतानाच, तिच्याही पलीकडून...

ठक... ठक.

मी एवढा घाबरलो की ड्रिल हातातून दोनदा पडलं. आत शिरायला माझा देह नको तेवढा मोठा. एकच मार्ग होता, बसवलेले रिव्हेट पुन्हा पाडायचे. मी एकेक पाडत गेलो. प्रत्येकाला आतून उत्तर येत होतं. ठीक आहे. पुढे चल. मी रडत होतो, शिव्या देत होतो, देवाचं नाव घेत होतो.

पत्रा निघाला आणि ठोके थांबले.

रोझी कुशीवर पडली होती. ओठ निळे. श्वास होता, पण जेमतेम.

ठोकळा तिच्या हातात नव्हता. तो तिच्या पायांमागे पडला होता, हात पोचणारच नाही अशा जागी. आणि मी पाडलेले रिव्हेट खाली विखुरले होते... सगळे आतून चपटे. एकसारखे. एकही वाकडा नाही.

आतून कुणी दाबून धरल्याशिवाय असं होत नाही. कुठल्याही पत्रेवाल्याला विचारा.

डॉक्टर म्हणाले, गंजरोधक रंगाच्या वाफेने चक्कर आली. असेल.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रोझीने माझ्याकडे न बघता सांगितलं, "मी तीन ठोके देत होते, हेनिंग. पुन्हा पुन्हा. पण दोन झाले की कुणीतरी माझं मनगट धरायचं. तिसरा मारूच द्यायचं नाही."

मनगटावर खूण वगैरे काही नव्हती.

मी मावशीकडे गेलो. स्वयंपाकघरातली सगळी कपाटं उघडी होती. मी विचारलं, आत कोण होतं.

"हाल्या," ती म्हणाली. "युक्रेनची. माझ्याच वयाची. मी बाहेर, ती आत. तिसरा ठोका पडला की काम थांबायचं. काम थांबलं की मुकादम यायचा आणि आतल्या मुलीला पाय धरून ओढून काढायचा. मग ती पुन्हा दिसायची नाही. म्हणून हाल्या दोनच द्यायची. जीव गुदमरला तरी दोनच."

"आणि शेवटी?"

"हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत होता. मुकादम ओरडत होता, संपवा, संपवा. मी शेवटचा पत्रा बसवला. दोन ठोके आले. ती बाहेर आली का, ते न बघता मी पळाले." तिने डोळे पुसले. "पंख त्याच दिवशी मालगाडीवर चढला. गाडी गावाबाहेरच बॉम्बने उलटली."

"म्हणजे ती रोझीला मारत होती?"

"वेडा आहेस का! वाचवत होती."

"कुणापासून?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "पंखाबाहेर हातोडा घेऊन कोण उभं होतं?"

उद्घाटन झालं नाही. पंख तसाच पडून आहे, पत्रा उघडा. मावशी त्याच हिवाळ्यात गेली. रोझी बरी आहे. हसते, मला टोमणे मारते.

फक्त कधी कधी मी उशिरा झोपायला जातो, अंधारात पलंगाजवळ पोचतो... आणि झोपेतच तिचा हात उशाच्या फळीवर पडतो.

ठक... ठक.

मी दिवा लावतो आणि तिला गदागदा हलवून जागं करतो. दर वेळी. ती चिडते, "झोपू दे की रे मेल्या!" म्हणते.

पण डोळे उघडल्यावर ती आधी माझ्या हातांकडे बघते.