आठ तासांची आठवण

घाटापलीकडच्या त्या इस्पितळात सर्व्हरची खोली शोधायला वाटाड्या लागत नाही. धुलाईघराच्या मागे जायचं, साबणाचा वास संपतो आणि गार हवेची घरघर सुरू होते तिथे उजवीकडे वळायचं. खोली जेमतेम पाच पावलांची. एक टेबल, एक स्टूल, संगणकाचा एक पडदा, आणि भिंतीशी उभं असलेलं कपाटाएवढं जुनं यंत्र.

मुख्यालयातून आलेल्या ताईने त्याचं दार उघडलं आणि ती बघतच राहिली. पंधरा वर्षं नेटवर्कच्या कामात घालवलेली बाई. वायरींची जंजाळं बघून तिचे डोळे विटले होते. इथे मात्र एक वायर दुसरीवर चढलेली नव्हती. प्रत्येकीला चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर मोत्यासारखं अक्षर.

"वा रे पठ्ठ्या!" तिच्या तोंडून निघून गेलं.

पठ्ठ्या म्हणजे तात्या, इस्पितळाचे जुने तंत्रज्ञ. तीन महिन्यांपूर्वी ते गेले, आणि आता त्यांच्या यंत्राची पाळी होती. मुख्यालयातल्या साहेबांनी ताईला सांगून पाठवलं होतं की आज चारपर्यंत त्यातली साठवण पुसून टाक आणि यंत्र कायमचं बंद कर.

ही साठवण काय भानगड आहे, ते आधी सांगितलेलं बरं. इस्पितळातल्या कोणी कुठल्या दारातून जायचं, हे मुख्यालयातला मोठा सर्व्हर ठरवतो. नर्स अमुक ग्रुपमध्ये आहे, म्हणून औषधांचं कपाट तिच्या कार्डाने उघडतं. पण घाटात वारा सुटला की लाइन जाते, मग विचारणार कोणाला? म्हणून तात्यांचं यंत्र दर आठ तासांनी मुख्यालयाला विचारी आणि प्रत्येकाचे ग्रुप स्वतःकडे लिहून ठेवी. लाइन गेली तरी कोणाचं अडत नसे. अट एकच. माणसाने निदान एकदा या यंत्रावर लॉगिन केलेलं हवं, नाहीतर त्याचं नावच यादीत येत नाही. नवीन कोणी रुजू झालं की तात्या त्याला आधी इथे आणत. "पहिल्यांदा यंत्राला तोंड दाखव, मग मेट्रनबाईंना," म्हणत.

साहेबांना हीच गोष्ट खटकायची. "माणूस कामावरून काढला तरी आठ तास दारं त्याला ओळखतात, हे काय बरोबर आहे का?" ते म्हणत. "आता नवी लाइन टाकतोय आपण. कशाला हवीय ही शिळी आठवण?" त्यांचंही काही चुकत नव्हतं.

पुसण्याआधी दोन्ही याद्या ताडून बघायच्या, हा ताईचा शिरस्ता. नावं दोनशे बारा. दोनशे अकरा तंतोतंत जुळली, एका ठिकाणी घोडं अडलं. वायरमनच्या नावापुढे शस्त्रक्रियेच्या खोलीचा ग्रुप होता. मुख्यालयाकडे तो नव्हता. तिने मागचा सगळा इतिहास उपसला, तर तो कधीच नव्हता. म्हणजे शिळं म्हणावं तर तेही नाही.

"वायरमनचं तिथे काय काम?" ती पुटपुटली आणि कागदावर लाल फुली मारून मोकळी झाली.

साडेअकराला वारा सुटला आणि लाइन गेली. बाराच्या सुमारास शस्त्रक्रियेच्या खोलीतले दिवे गेले. आत टेबलावर एक बाळंतीण, पोटावर चीर घेतलेली. बॅटरी सुरू व्हायची ती होईना. दाराजवळची नर्स रक्त आणायला गेलेली, बाकी सगळ्यांचे हात गुंतलेले. ताई बाहेर पळत आली तेव्हा वायरमन तिच्यापुढे धावत होता. त्याने दाराला कार्ड टेकवलं. दार उघडलं.

चार मिनिटांत दिवे आले. थोड्या वेळाने बाळाचं रडणं ऐकू आलं आणि व्हरांड्यात उभ्या असलेल्या बाळाच्या बापाने मटकन खाली बसकण मारली.

वायरमन घाम पुसत बाहेर आला. "ताई, माझ्या कार्डाने हे दार कधीच उघडत नाही हो," तो म्हणाला. "घाईत ध्यानातच आलं नाही."

दुपारी लाइन आली. पाठोपाठ मुख्यालयाचा आदेशही आला. घडला प्रकार बघता वायरमनला आजपासून त्या ग्रुपमध्ये घेण्यात येत आहे. आदेशावर वेळ होती दोनची. यंत्राने मात्र ते सकाळी आठलाच लिहून ठेवलं होतं.

ताईने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आकडे तेच.

"काय गं, चेहरा का उतरला?" मेट्रनबाई चहाचे दोन कप घेऊन दारात उभ्या होत्या. चौतीस वर्षं त्यांनी हे इस्पितळ हाकलं होतं, आणि डॉक्टरांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना टरकून असत.

ताईने सांगितलं. मेट्रनबाई हसल्या.

"त्याला आमच्याआधी कळतं पोरी. तात्यांनी बारा वर्षं जीव लावलाय त्याला, पोटच्या पोरासारखा. आम्ही काही विचारत नाही, आणि ते चुकत नाही."

त्यांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली. "जो पुसायला येईल त्याला दाखवा, म्हणाले होते."

वहीत तात्यांच्या त्याच सुबक अक्षरात बारा वर्षांच्या नोंदी होत्या. कोणाला कुठला ग्रुप आधी मिळाला, आदेश नंतर कधी आला. किती रात्री जागून, किती चिकाटीने या माणसाने हे टिपलं असेल! ताईच्या मनात आलं, आपण याच्या हाताखाली शिकायला हवं होतं. मग शेवटचं पान आलं.

'सकाळच्या यादीत माझ्यापुढे एकही ग्रुप नाही. मुख्यालयाला विचारलं, तिकडे सगळे आहेत. किल्ल्या मेट्रनबाईंना दिल्या.'

"ही तारीख..." ताई म्हणाली.

"हो. त्याच दिवशी गेले," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

चार वाजले. यंत्र घुमलं, पडद्यावरची यादी नवी झाली. पुसायची वेळ झाली होती. ताईने सवयीने नावांवरून नजर फिरवली आणि तिचा हात तसाच थांबला. मेट्रनबाईंच्या नावापुढे सकाळी सहा ग्रुप होते. आता तिथली जागा कोरी होती.

पडदा मेट्रनबाईंना दिसू नये म्हणून ती त्याच्यापुढे उभी राहिली. "मेट्रनबाई, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय? डावा खांदा जरा धरलाय, एवढंच. उशी बदलायला हवी."

ताईने त्यांचा दंड पकडला आणि सरळ हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेभर मेट्रनबाई कुरकुरत होत्या, "अगं, वेड लागलंय का तुला? लोक काय म्हणतील?" यंत्राने सांगितलं, असं डॉक्टरांना कुठल्या तोंडाने सांगणार? "माझ्या समाधानासाठी एकदा यांच्या हृदयाचा आलेख काढा," ती म्हणाली. आलेखाचा कागद बाहेर आला, आणि डॉक्टरांनी वर न बघताच स्ट्रेचर मागवलं.

त्या गडबडीतच साहेबांचा फोन आला. "पुसलं का?"

"नाही साहेब. आणि मी पुसणारही नाही."

साहेबांचा आवाज चढला. "मग मीच येऊन पुसतो. सहा दहाला तिथे असेन."

साहेब म्हणजे घड्याळाच्या काट्यावर चालणारा माणूस. दिलेली वेळ त्यांनी कधी मोडलेली तिने पाहिली नव्हती. येऊ देत, ती मनाशी म्हणाली, वही त्यांच्या हातात देते, मग बघू कसे पुसतात.

साडेपाचला डॉक्टर बाहेर आले. "वाचल्या. आणखी अर्धा तास गेला असता तर काही खरं नव्हतं."

ताई जवळजवळ धावतच खोलीत आली. पुढची फेरी मध्यरात्रीची, तरी मेट्रनबाईंचे सहाच्या सहा ग्रुप आपल्या जागी परत आले होते. तिला भरून आलं. "धन्य आहे बाबा तुझी," ती यंत्राला म्हणाली.

मग तिला खालचा आकडा दिसला. दोनशे तेरा.

शेवटचं नाव साहेबांचं होतं. साहेब या इस्पितळात आयुष्यात कधी आले नव्हते. पहिलं लॉगिन: आज, सहा दहा. त्यापुढे, ग्रुपच्या जागी, काहीच नव्हतं.

तिने फोन लावला. लागला नाही. बाहेर वारा वाढला होता. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला, अंगठा दुखेपर्यंत. परत फिरा एवढंच सांगायचं होतं. पुसते मी, आत्ता पुसते, तुम्ही फक्त येऊ नका.

सहाला पाच कमी असताना अँब्युलन्स घाटाकडे गेली.

"पांढरी गाडी आहे म्हणतात," व्हरांड्यात कोणीतरी बोललं. "सरकारी दिसते. पार खाली गेलीय."

ताई खोलीच्या दाराला पाठ लावून पडद्याकडे बघत उभी राहिली. समोरचं स्टूल रिकामं होतं.

सहा दहा झाले.

पडद्यावर लॉगिनची चौकट उघडली. साहेबांचं नाव एकेका अक्षराने उमटत गेलं.

खालच्या रकान्यात पासवर्डचा एक ठिपका पडला. मग, कसलीही घाई न करता, दुसरा.