अर्ध्यात सोडलेले सिनेमे

"त्या बाईला काडीची अक्कल नाही," सीडी काउंटरवर ठेवता ठेवता मी पुटपुटले. असली मतं मी आईला ऐकवायची. आईला जाऊन महिना झाला होता, पण माझ्या जिभेला ते अजून कळलं नव्हतं.

"कुठल्या बाईला?" काउंटरमागून आवाज आला.

हा फेलेती. आमच्या टोंगा बेटांवर, नेइआफू गावाच्या धक्क्याजवळ त्याचं सीडीचं दुकान. वर्षभर जात होते मी तिथे, पण त्याचे डोळे इतके हसरे आहेत हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"ह्या सिनेमातल्या. इतका चांगला सुतार दारात उभा, आणि ही बसलीय त्या वकिलाची वाट बघत! शेवटी कुणाशी लग्न करते?"

"शेवट नाही बघितलास?"

"सहा वाजता मानासे आला ना."

मानासे माझा भाऊ. फेलेतीने नुसती मान डोलावली; टोंगात याहून जास्त सांगावं लागत नाही. भाऊ घरात आला की बहिणीने टीव्हीसमोरून उठायचं. पडद्यावर कुणी कुणाचा हात धरला आणि भाऊ-बहीण एकाच खोलीत, तर तोंड कुठे लपवायचं? विणायला घेतलेली चटई गुंडाळून मी मागे स्वयंपाकघरात जायची. पूर्वी आई मागाहून येऊन पुढची गोष्ट सांगायची, निम्मी चुकीची, पण तावातावाने. आता मागे मी, टारोच्या कंदांचं पातेलं आणि भिंतीपलीकडे टीव्हीवर मानासेची रग्बी.

"सुताराशी," फेलेती जरा थांबून म्हणाला. "पावसात तिची छत्री मोडते... आणि तो ती दुरुस्त करून देतो."

मग तो परिपाठच झाला. मी अर्धा सिनेमा बघायची, सकाळी सीडी परत न्यायची, आणि तो शेवट सांगायचा. दिवसभरात मी कुणाशी मनापासून बोलत असेन तर तेवढंच.

"ही मालिका परत घे बाबा," एकदा मी म्हणाले. "आठ भाग झाले, नुसती रडतेय."

"तू असतीस तर?"

"पहिल्याच भागात विचारलं असतं. आवडते का मी तुला? नाही? मग वाट सोड!"

"खरंच... विचारलं असतंस?"

मी दिसेल ती सीडी उचलली आणि बाहेर पडले. घरी येऊन बघते तर मासेमारीचा माहितीपट.

डिसेंबरात ऑकलंडहून ताईचा फोन आला. पोरांना सांभाळायला ये, शुक्रवारचं तिकीट काढलंय. "तिथे तुझं आहे कोण आता?" तिने विचारलं. रिसीव्हर ठेवल्यावर घर इतकं गप्प होतं, की मी उगाचच नळ सोडला.

जाण्याआधी सुताराचा तो सिनेमा पुन्हा आणला. मला ती छत्री बघायची होती. नेमका त्या दिवशी समुद्र खवळला आणि मानासेची बोट पलीकडच्या बेटावर अडकली. सहा वाजता मी सवयीने दाराकडे बघितलं. कुणी आलं नाही.

छत्री कुठेच नव्हती. शेवटी त्या बाईची आई मरते, सुतार गाव सोडून जातो, आणि बाई टेबलाशी एकटी बसून राहते. मी कितीतरी वेळ रडले, तिच्यासाठी की माझ्यासाठी, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मी सीडी काउंटरवर आपटली. "खोटारड्या! किती शेवट खोटे सांगितलेस?"

"सगळे," त्याने मान खाली घातली. "नाही... तो कुत्र्याच्या सिनेमाचा खरा होता."

"का पण?"

"तुझी आई नुकतीच गेली होती, लुसेआने. तुला तो शेवट सांगायला जीभ रेटेना. मग पुढच्या वेळी... तू हसायचीस, मला ते बघायची सवय लागली." आणि मग हळूच म्हणाला, "आणि तू? राहिलेला सिनेमा सकाळी बघता आला असता की तुला."

माझी चोरी पकडली गेली. बघता आला असता. पण मग दुकानात येऊन विचारलं काय असतं?

"शुक्रवारी मी ऑकलंडला चाललेय," मी म्हणाले. "ह्याचा शेवट सांग. खरा."

त्याचे हसरे डोळे विझले. "ह्याचा... मला नाही माहीत."

मी तशीच निघाले. गुरुवारी पेटी भरली. तीत आईची अर्धी विणलेली चटई ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

सहा वाजता मानासे आला आणि मी उठले. पण त्याच्यामागे दारात फेलेती उभा होता, मानाच्या भेटीला बांधतात तशी कमरेला चटई बांधलेला, हातात कावाच्या मुळांची जुडी, सोबत त्याचा म्हातारा मामा. पोरगी असलेल्या घरी कावा घेऊन येणं म्हणजे तिची मर्जी विचारायला येणं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

"मानासे, लुसेआने कावा वाढेल का?" फेलेतीने विचारलं.

बहीण कावा वाढते तिथे भाऊ बसत नाही. मानासेने माझ्याकडे, म्हणजे माझ्यामागच्या भिंतीकडे, बघितलं. घसा खाकरला. "मी मागे आहे. टारो झालाय का बघतो."

उभ्या जन्मात पहिल्यांदा तो उठला आणि मी बसले.

मी मुळं कुटून पाण्यात कालवली आणि कावाने करवंटी भरली. मामा एक करवंटी पिऊन पेंगायला लागला. दुसरी मी फेलेतीला दिली.

"आता विचार," तो म्हणाला. "पहिल्याच भागात विचारणार होतीस ना?"

"...आवडते का मी तुला?"

"हो. खूप." मग घाबरत म्हणाला, "आणि शुक्रवार?"

"ताईला कळवते. ह्या वेळी मी अर्ध्यात उठणार नाही."

तेवढ्यात मागे पातेल्याचं झाकण धाडकन पडलं. भिंत पातळच होती. बिचाऱ्या मानासेलाही शेवट ऐकायचा होता.