त्रेचाळीस नंबरचा बोल्ट

"हलू नका कोणी! श्वाससुद्धा घेऊ नका!"

भिंग असं ओरडताच तुफानने उचललेला पाय तसाच हवेत धरला आणि शिट्टीने तोंडावर हात दाबला. चिमट्यातून निसटलेला त्रेचाळीस नंबरचा तुकडा टेबलावर एकदा टणकन उडाला आणि खाली फरशीवर गडप झाला. तिळाएवढा तुकडा! तिघं रांगत रांगत अख्खी खोली पालथी घालून आली, पण तो काही सापडेना.

"मरू दे गं!" तुफान कपडे झटकत म्हणाला. हा भिंगचा मावसभाऊ, सुट्टीसाठी आलेला, आणि त्याला सगळ्याच कामात घाई. "एवढासा बोल्ट, तोही गाडीच्या पोटाखाली. कोण बघणार आहे?"

"आजोबा बघतील," भिंग म्हणाली.

आजोबांनी खरंच बघितलं असतं.

गेले आठ दिवस तिघं त्या गाडीमागे लागली होती. लष्करी अधिकाऱ्यांची जुनी, उघड्या टपाची मोटार, खरीपेक्षा सोळा पट लहान. खोक्यात एकशे ऐंशी तुकडे होते. एकेक तुकडा कापायचा, पॉलिश पेपरने घासायचा, सुईच्या टोकाने गोंद लावायचा. हिरवा रंग तर चार वेळा कालवावा लागला. पहिल्यांदा तो पोपटासारखा झाला, दुसऱ्यांदा शेवाळासारखा. बारीकसारीक गोष्टीत नाक खुपसायच्या सवयीमुळे बारा वर्षांच्या पोरीचं नाव 'भिंग' पडलं होतं, आणि या कामात ती सवय सोन्यासारखी उपयोगी पडत होती.

भेट होती आजोबांसाठी. तरुणपणी ते सैन्यात ड्रायव्हर होते आणि अशीच गाडी चालवायचे. टेकडीवरच्या संग्रहालयाने तसली एक गाडी दुरुस्त करून घेतली होती. आज अकरा वाजता आजोबा ती चालवत उतारावरून खाली चौकात आणणार होते. तिथे शाळेची मुलं दोन्ही बाजूंनी उभी राहणार होती.

"तारेचाच बोल्ट करू," शिट्टी म्हणाली. ती शेजारची. दोन बोटं तोंडात घालून ती अशी शिट्टी मारायची की गल्लीच्या टोकाची कुत्री उठून बसायची. "खरा बोल्ट कसा दिसतो ते फोटोत बघ ना!"

रंग जुळवायला म्हणून तुफानने काल खऱ्या गाडीखाली सरपटत जाऊन आपल्या आईच्या फोनने फोटो काढले होते. मावशी तो फोन घरीच ठेवून चौकात गेली होती. भिंगने तो घेतला आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला. ब्रेकच्या पेडलचा दांडा दिसला. त्याला जोडलेली, मागच्या चाकांकडे जाणारी सळई दिसली. आणि दोन्हींच्या सांध्यावर, त्रेचाळीस नंबरच्या जागी...

"अय्या! इथे बोल्टच नाही. तार गुंडाळलीय."

"मग झालं की काम!" तुफानने टाळी वाजवली. "खऱ्या गाडीलाच तार आहे. आपणही तार लावू!"

भिंग हसली नाही. तिने खोक्यातलं माहितीपत्रक फोटोशेजारी धरलं. चित्रात सगळ्या सांध्यांवर बोल्ट होते. फोटोतही बाकी सगळीकडे बोल्ट होते, हिरव्या रंगाने माखलेले. फक्त ही एक तार नवी, चकचकीत होती.

"ब्रेक कुणी तारेने बांधतं का रे?" तिने हळूच विचारलं.

"माझ्या सायकलचं मडगार्ड बांधलंय तारेने," शिट्टी म्हणाली.

"मडगार्ड सुटलं तर खडखड होते. हा सुटला तर गाडी थांबणारच नाही. आणि खाली चौक आहे!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

भिंगने आजोबांना फोन लावला. तो शेजारच्या खोलीत फळीवरच वाजायला लागला! संग्रहालयाचा नंबर वाजून वाजून बंद झाला. घरातली मोठी माणसं केव्हाच चौकात जाऊन बसली होती, आणि तिथल्या गोंगाटात कुणी फोन उचलेना.

"सायकली काढा!" फोन आणि चिमटा खिशात कोंबत भिंग ओरडली.

चढ नुसता जीव घेत होता. अर्ध्यावर शिट्टीची चेन पडली. तिने सायकल कडेला टाकली आणि ती तुफानच्या मागे बसली. "काय गं खातेस तू!" म्हणत तो उभा राहून पेडल मारत होता. रस्ता खाली कसा वळत जातो, हे भिंगने आजवर कधी नीट पाहिलंच नव्हतं. डावीकडे भिंत, उजवीकडे दरी, आणि शेवटी थेट चौक.

संग्रहालयाच्या आवारात ही गर्दी! गाडी दोरीच्या पलीकडे, फाटकाकडे तोंड करून उभी होती. आजोबा जुना गणवेश घालून ताठ बसले होते. इंजिन सुरू होतं, शेजारी बँड वाजत होता. भिंगने "आजोबा!" म्हणून दोनदा हाक मारली, पण एरवीच कमी ऐकणाऱ्या आजोबांना ती कुठली ऐकू येणार?

दोरीजवळ गाडी दुरुस्त करणारे मिस्त्री उभे होते.

"मिस्त्रीकाका, गाडी थांबवा! ब्रेकच्या सळईला बोल्ट नाहीये, तार आहे!"

"कुणी सांगितलं?"

"आम्ही तशीच छोटी गाडी बनवतोय, त्यात..."

मिस्त्री खो खो हसले. "खेळण्यावरून मला गाडी शिकवता होय? कालच चालवून बघितलाय मी ब्रेक. एकदम कडक!"

"कुठे चालवलीत?"

"इथेच, आवारात."

"पण आवार सपाट आहे! हा फोटो तरी बघा!"

मिस्त्रींनी फोनवर नुसती नजर फिरवली. "उन्हात काय दिसतंय त्यात! चला, मागे व्हा."

तुफान धावत संग्रहालयाच्या साहेबांकडे गेला. ते भाषणाचे कागद लावत होते. "मुलांनो, मध्ये मध्ये करू नका," एवढंच बोलून ते ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. "आजच्या या मंगल प्रसंगी, सर्वप्रथम..."

"संपलं!" तुफानच्या तोंडचं पाणी पळालं. "भाषण झालं की गाडी सुटणार!"

भिंगने डोळे घट्ट मिटले. गाडीचा एकेक भाग तिच्या डोळ्यांपुढे होता. सगळे तिनेच तर रंगवले होते!

"आजोबांपर्यंत पोचलो तरी या आवाजात त्यांना काही ऐकू जाणार नाही. चाकांची हवा सोडायची," ती म्हणाली.

"एक चाक बसलं तर लगेच बदलतील," शिट्टी म्हणाली.

"स्टेपनी एकच आहे. म्हणून दोन चाकं बसवायची! पुढचं डावं माझं, मागचं डावं तुफानचं. तिकडे आवाराची भिंत आहे, कुणी उभं नाही. शिट्टी, तू मिस्त्रींना गुंतव!"

"कसं?"

"वाटेल ते कर!"

शिट्टी बँडच्या पुढ्यात गेली, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की ढोलवाल्याच्या हातातली काठी निसटली. सगळ्या माना तिकडे वळल्या. "ए पोरी!" करत मिस्त्री धावले. तेवढ्यात दोघं दोरीखालून सरपटत भिंतीच्या बाजूने चाकांपाशी पोचली.

भिंगने व्हॉल्व्हचं टोपण फिरवलं आणि खिशातल्या चिमट्याचं टोक आत दाबलं. फुस्स्स! इंजिनाच्या घरघरीत तो आवाज लपला. पण चाक केवढं! संपता संपेना. बोटं दुखायला लागली. साहेबांचं भाषण नमनालाच घडाभर तेल जाळत होतं, हेच काय ते नशीब.

"...आणि आता अधिक वेळ न घेता..."

"आणखी घ्या ना वेळ!" भिंग दातांवर दात दाबून पुटपुटली. चाक आता अर्धं बसलं होतं. टाळ्या वाजल्या. गिअर पडल्याचा खट्ट आवाज आला.

एवढ्यात कुणीतरी तिचा दंड धरून तिला उभं केलं. मिस्त्री!

"साहेब! या कार्ट्यांनी हवा सोडलीय! दोन्ही चाकांची!"

एकच गलका झाला. साहेब लालबुंद झाले. "कुणाची मुलं आहेत ही?"

"माझी," आजोबांचा आवाज आला. त्यांनी इंजिन बंद केलं होतं. ते खाली उतरून भिंगसमोर उभे राहिले. "कारण असल्याशिवाय तू असं करणार नाहीस. बोल."

भिंगला रडू फुटत होतं, पण ती स्पष्ट बोलली. "ब्रेकच्या सांध्यावर बोल्ट नाहीये, आजोबा. तार आहे. मी ओरडले, पण तुम्हाला ऐकू गेलं नाही."

आजोबांनी मिस्त्रींकडे एकदा पाहिलं. मग पुन्हा गाडीत बसले आणि तीव्र उतारावर दाबावा तसा पूर्ण ताकदीनिशी ब्रेक दाबला.

टण्ण!

गाडीखालून काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. पेडल थेट तळाला टेकलं. आजोबांनी पाय उचलला, पण ते वर आलंच नाही.

साहेबांची नजर फाटकातून खाली गेली, तिथून चौकातली मुलं मुंग्यांसारखी दिसत होती.

मिस्त्री गाडीखाली शिरले आणि तुटक्या तारेचा तुकडा घेऊन बाहेर आले. चेहरा पांढराफटक. "जुना बोल्ट झिजला होता," ते कसंबसं म्हणाले. "रंगकामाच्या शेडमधून इकडे ढकलत आणायची म्हणून तात्पुरती तार बांधली. नवा बोल्ट परवाच आला. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. उद्घाटनाच्या घाईत... साफ विसरलो."

"आणि घाई मी करत होतो," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "ही मुलं आधी माझ्याकडेही आली होती. मी त्यांना हाकलून दिलं." त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. भाषण मात्र एका वाक्याचं केलं. "आज या तिघांमुळे आपण सगळे वाचलो!"

टाळ्या थांबेनात. बँडच्या ढोलवाल्याने शिट्टीला काठी देऊन ढोल वाजवायला लावला. आजोबांनी तुफान आणि भिंगच्या काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. "मोठमोठ्या साहेबांना घेऊन फिरलो मी," ते म्हणाले, "पण गाडी इतकी नीट बघणारं कुणी भेटलं नव्हतं."

बोल्ट बसायला आणि चाकांत हवा भरायला पाऊण तास लागला. मिस्त्री हात पुसत उठले. साहेबांनी विचारलं, "निघायचं?"

"थांबा," मिस्त्री म्हणाले. त्यांनी हातातली बॅटरी पेटवून भिंगपुढे धरली. "बाळ, मी आवळलंय सगळं. पण आज तू बघितल्याशिवाय गाडी हलणार नाही."

भिंग पाठीवर झोपून आत सरकली. बाहेर सगळे श्वास रोखून उभे होते. तिने पेडलपासून सुरुवात केली, एकेक सांधा हाताने हलवून बघितला, मागच्या चाकांपर्यंत. कसलीच घाई केली नाही. मग ती बाहेर आली. नाकावर ग्रीसचा हा एवढा पट्टा!

"आजोबा," ती ओरडून म्हणाली, "आता चला!"