शिफारस करणाऱ्यानं गप्प बसायचं

पियाल्याच्या बाहेरच्या अंगावर, निळ्या रंगात, कपाशीचं पांढरं बोंड काढलेलं असतं. त्या बोंडाच्या देठापर्यंत चहा ओतला, की पियाल्याचा साधारण तिसरा हिस्सा भरतो. दोन घोटांपुरता. मुअत्तरचा हात बरोबर तिथे थांबायचा. दिवसभर पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांवरच्या रेघा बघून बघून हिच्या मनगटालाच डोळे फुटलेत, असं वाचनालय सांभाळणाऱ्या सबोहत ओपा, म्हणजे सबोहतताई, म्हणायच्या.

मर्गिलान गावात आवडत्या माणसाला चहा थोडाच ओततात. त्यानं पुन्हा मागावा, आपण पुन्हा ओतावा, तेवढाच तो जास्त बसतो. पियाला काठोकाठ भरून दिला, तर शहाण्या माणसानं तो प्यावा आणि चपला शोधाव्यात.

वाचनालयाच्या अंगणात तुतीचं जुनं झाड होतं आणि त्याखाली बसायचं रुंद लाकडी तख्त. दर गुरुवारी कामं आटोपल्यावर तिथे पाच-सात वाचक जमायचे. एकानं एक पुस्तक सुचवायचं, बाकीच्यांनी ते आळीपाळीनं वाचून पुढच्या वेळी मत द्यायचं. नियम एकच, आणि तो सबोहत ओपांनी घालून दिलेला: ज्यानं पुस्तक सुचवलं त्यानं त्या दिवशी सगळ्यांना चहा ओतायचा, आणि शेवटचं मत होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. पूर्वी असा नियम नव्हता. खरबूज लागवडीच्या एका पुस्तकावरून दोघांचं एवढं वाजलं, की ते अजून एकमेकांच्या गल्लीतून जात नाहीत.

एल्योर पहिल्यांदा आला तो पुस्तकासाठी नाहीच. गेल्या शरदातली गोष्ट. रहमोनअली ओता रेल्वेतून निवृत्त झालेले, वाचनालयातले सगळ्यात वडील, म्हणून सगळ्यांचे ओता, म्हणजे आजोबा. आपली नवी कवळी ते दवाखान्यातच विसरून आले होते, आणि दातांचा डॉक्टर एल्योर स्वतः ती रुमालात बांधून घेऊन आला.

"बसा डॉक्टर," ओता कवळी बसवत म्हणाले. "आता मलाही नीट बोलता येईल."

त्या दिवशी चहा मुअत्तर ओतत होती. पुस्तक तिचं होतं, एका जहाजाच्या कप्तानाच्या आठवणी. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही अशा माणसांनी त्या पुस्तकाची भरपूर उलटतपासणी चालवली होती आणि ती बिचारी ओठ मिटून बसली होती.

"तुमचं मत काय?" सबोहत ओपांनी नव्या पाहुण्याला नियम सांगून विचारलं.

"मी वाचलंच नाही."

"इथे त्यानं कुणाचं अडत नाही."

त्यानं पुस्तक उचललं, मधलंच पान उघडून थोडं वाचलं आणि चहा ओतणारीकडे पाहिलं. "ज्यांनी हे सुचवलं, त्यांना गप्प बसणं फार अवघड जात असणार. ओठ कसे घट्ट मिटलेत. माझ्या खुर्चीत लोक असेच बसतात."

मुअत्तर हसली नाही. पण तिनं त्याच्या पियाल्यात चहा ओतला तो देठाच्याही खालपर्यंत. अगदी एक घोट. सबोहत ओपांनी ते पाहिलं आणि उगाच तुतीकडे बघत राहिल्या.

पुढच्या गुरुवारी तो पुस्तक वाचून आला. "या कप्तानाला सगळं जमतं," तो म्हणाला, "वादळ, चाचे, सगळं. फक्त घरच्या माणसाला 'तुझी आठवण येते' एवढं म्हणता येत नाही."

"तुम्हाला म्हणता येतं वाटतं?" मुअत्तरनं विचारलं. त्या दिवशी तिला बोलायची मुभा होती.

"माझं काम लोकांना 'आ' करायला सांगायचं. स्वतः करायचं नाही."

मग सगळा हिवाळा तसाच गेला. आत शेगडीजवळ बसून त्यांनी रहस्यकथा वाचल्या, भूकंपांवरचं एक जाडजूड पुस्तक वाचलं, एका स्वयंपाकिणीचं आत्मचरित्र वाचलं. तिला जे आवडे त्यात तो खोट काढी. भूकंपाच्या लेखकाबद्दल तो म्हणाला, दुखतं कुठे ते ठाऊक नसताना हा सगळेच दात उपटतो. रहस्यकथेबद्दल ती म्हणाली, पहिल्याच प्रकरणात खुनी कळतो. तो म्हणाला, "मला शेवटपर्यंत कळला नाही."

"तुम्हाला समोरचंच दिसत नाही, डॉक्टर."

"डॉक्टर काय सारखं? सगळं गाव मला अका म्हणतं."

"गावाला म्हणू दे."

तिची आई तिच्या वडिलांना आयुष्यभर अकाच म्हणत आली होती. गावभर तो शब्द दादा म्हणून फिरे आणि घरात येऊन वेगळाच होई. मुअत्तरनं म्हणूनच तो जपून ठेवला होता.

वसंत आला आणि तिच्या घरी ताश्कंदहून मागणी घालायला बायका आल्या. पुन्हा आल्या. मुलगा बँकेत, घर दुमजली, माणसं बोलायला गोड. तिसऱ्यांदा त्या नान आणि मिठाई घेऊन आल्या, तेव्हा आईनं मुलगी अजून विचार करतेय एवढंच सांगून त्यांना पाठवलं. एकदा होकार देऊन वडीलधाऱ्यांनी नान मोडला, की मग मागे फिरणं नाही.

"हो म्हण नाहीतर नाही म्हण," आई म्हणाली. "लोकांना किती दिवस उंबऱ्यावर ठेवायचं?"

"सांगते."

"तू नळीतलं पाणी बघून लगेच सांगतेस प्यायचं की नाही. माणसाचंच एवढं काय?"

काय ते मुअत्तरला सांगता येत नव्हतं. मर्गिलान काही मोठं नाही. मागणीची बातमी एल्योरपर्यंत पोचलेली होती. तो यायचा, बसायचा, पुस्तकांना नावं ठेवायचा, आणि त्या एका गोष्टीबद्दल अवाक्षर काढायचा नाही. ती नाही म्हणायला तयार होती, पण कुणासाठी, ते तिला कळायला हवं होतं.

विचारायचं कसं? तिनं तिच्या सवयीनं मार्ग काढला. एक छोटी कादंबरी सुचवली. त्यात एक विहिरी खणणारा तरुण असतो, त्याचं एका शिक्षिकेवर मन असतं. तिला मोठ्या घरचं स्थळ येतं आणि हा शेवटपर्यंत बोलत नाही.

गुरुवारी तुती पिकून टपटप गळत होती. पांढऱ्या, गोड, चहात पडणाऱ्या. मुअत्तर चहा ओतत होती, म्हणजे तोंडाला कुलूप.

"एवढा खड्डा खणतो आणि तोंड उघडत नाही," रहमोनअली ओता म्हणाले. "आमच्या रेल्वेत असता तर गाडी याच्यासमोरून निघून गेली असती."

"जातेच की ती," कुणीतरी म्हणालं.

मग एल्योरची पाळी आली. तो पुस्तक बोटांत फिरवत राहिला. "मला वाटतं... त्यानं बरोबर केलं. तिला चांगलं घर मिळत होतं. याच्याकडे काय, एक फावडं आणि म्हातारी आई. प्रेम असेल तर माणसानं वाटेतून बाजूला व्हावं. उगाच बोलून तिला कोड्यात का टाकायचं?"

हे तो तिच्याकडे न बघता बोलला. मुअत्तरच्या हातात चहाची किटली होती आणि किटलीखाली त्याचा पियाला. बाजूला व्हावं? कुणी सांगितलं याला बाजूला व्हायला? तिच्या डोक्यात उत्तरांची नुसती गर्दी झाली आणि एकही बाहेर सोडता येईना. चहा देठाच्या वर गेला, बोंडाच्या वर गेला. मनगटाचे डोळे पहिल्यांदाच मिटले होते.

पियाला काठोकाठ भरला आणि बशीत सांडला.

एल्योरनं पियाल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिनं मान हलवली, पण मान हलवून काय सांगणार? त्यानं दोन्ही हातांनी पियाला उचलला, तो कढत चहा न थांबता प्यायला, आणि छातीवर हात ठेवून थोडा वाकला.

"आभारी आहे, मुअत्तरखॉन," तो परक्याच्या आदरानं म्हणाला. "चहा छान होता."

चपला घालून तो फाटकाबाहेर गेला, तेव्हा अजून दोन मतं व्हायची होती.

"मुली," सबोहत ओपा हळूच म्हणाल्या, "मतं असू देत, जा त्याच्यामागे."

पण मुअत्तर बसून राहिली. भर गल्लीत पळत जाऊन काय म्हणायचं, की हात चुकला? ज्या हाताची सगळं गाव ग्वाही देतं तो?

पुढच्या गुरुवारी पुस्तक एल्योरचं होतं. तो येणारच नाही असं तिला वाटलं होतं. पण शिफारस करणारा गैरहजर राहिला असं आजवर झालं नव्हतं. तो आला. तख्ताच्या अगदी कडेला बसला, चपलांजवळ. मुकाट्यानं चहा ओतू लागला.

पुस्तक मुलांचं होतं, चित्रांचं. एक कासव साळिंदरीसाठी खरबूज घेऊन निघतं. तिच्या दारापर्यंत पोचतं, पण ती झोपली असेल, कामात असेल, असं म्हणून दार वाजवतच नाही. वाट बघता बघता एकेक फोड स्वतःच खातं. शेवटी हातात नुसती साल उरते.

"या वयात मला कासव वाचायला लावलंत," रहमोनअली ओता म्हणाले. "पण एक सांगतो, खरबूज चांगलं रंगवलंय. कवळी असूनही तोंडाला पाणी सुटलं."

"मुलांना आवडेल," सबोहत ओपा म्हणाल्या. "मोठ्यांना थोडं झोंबेल. मुअत्तर, तू बोल. तू शेवटची."

एल्योर तिच्या पियाल्यात चहा ओतत होता. त्याचा हात बोंडाच्या देठापर्यंतही न जाता अलीकडेच थांबला. तळाला जेमतेम एक घोट. तिनं तो पाहिला. पुरता अर्थ लागेपर्यंत पाहिला.

आज सकाळी आईनं पुन्हा विचारलं होतं, आणि संध्याकाळी सांगते असं ती म्हणाली होती.

"मला कासवाचा राग आला," तिनं सुरुवात केली. आवाज तिला हवा तसा सपाट आला नाही. "ते स्वतःला फार सज्जन समजतं. साळिंदरी झोपली असेल, हे त्यानं ठरवलं. तिला दुसरीकडून चांगलं खरबूज येईल, हेही त्यानंच ठरवलं."

"पुस्तकात दुसरं खरबूज नाहीये," ओता म्हणाले.

"ओता, आज तुम्ही कवळी काढून ठेवा," सबोहत ओपा म्हणाल्या.

"ती जागीच होती," मुअत्तर म्हणाली. "दाराला कान लावून बसली होती... सगळा हिवाळा. आणि एकदा तिच्या हातून चहा जास्त पडला. रागानं पडला, जा म्हणून नाही. एवढंसं कळायला दाताचा डॉक्टर कशाला लागतो?"

एल्योरनं तोंड उघडलं. सबोहत ओपांनी बोट वर केलं. "नियम, डॉक्टर. तिचं मत संपायचंय."

त्यानं तोंड मिटलं. अगदी घट्ट, त्याच्या खुर्चीत लोक बसतात तसं. वरून एक तुती त्याच्या बाहीवर पडली, ती झटकायचंही त्याला सुचलं नाही.

मुअत्तरनं तो एक घोट चहा संपवला आणि रिकामा पियाला पुन्हा त्याच्यापुढे धरला.

"ताश्कंदच्या माणसांना मी आजच 'नाही' म्हणून कळवणार आहे," ती म्हणाली. "एल्योर अका, तुमच्या आईला शनिवारी आमच्या घरी पाठवा. मोडायला नान मी माझ्या हातानं भाजून ठेवीन."