मोहतांडा रेडिओ

बसा रे पोट्टेहो, गेलेली लाईन काही इतक्यात येत नाही. हिरासिंगची गोष्ट सांगतो. माझ्यासंगं वायरलेसच्या नोकरीत होता. खोटं बोलायची त्याले अक्कलच नव्हती, म्हणून तं सांगतो.

दोन हजार सहा साल. पोळ्याची अमावस्या. कपाशीनं त्या वर्सी साऱ्या जिल्ह्याचा जीव काढलता, अन् पाहणी करायले रोज एक नवा पुढारी विमानानं येऊन राह्यलता. त्या सांजेले हिरासिंग आर्णीहून फटफटीवर निघाला. रेडिओच्या संचाची बॅटरी आणायले गेलता. रस्त्यानं लोकं बैलं घेऊन तोरणाकडं चालले, अन् ह्याच्या मांडीत बॅटरी. घरी बसंतीबाई, म्हणजे त्याची बायको, पुरणपोळ्या करून वाट पाहून राह्यलती.

जायचं होतं माळावरच्या धावपट्टीवर. ती पट्टी कुठी बनली माहीत हाय? मोहतांड्यावर. हिरासिंगच्या स्वतःच्या बंजारा तांड्यावर! अख्खा तांडा उठवला अन् टिनाच्या खोल्यांत नेऊन कोंबला. त्याची मोठी आई मानीबाई, जिनं त्याले लहानाचं मोठं केलं, जी रोज पहाटे हातानं शेणाचं अंगण सारवे, ती पहिल्याच उन्हाळ्यात त्या टिनाखाली मेली. अन् आता त्याच जागी तंबू ठोकून हिरासिंग विमानाशी बोले. नोकरी होती, करतो काय?

पट्टीजवळ आला अन् त्यानं नाकाले दुपट्टा लावला. दुपारी पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यांची पंगत झालती. पोळ्याच्या दिवशी बकरे कापले हरामखोरांनी! आतडी, खुरं, उष्ट्या पत्रावळ्या, सारं पट्टीच्या टोकाले फेकून मोकळे. वरून माशांचा घोंगाट. छी! मले आताही सांगताना तोंड कडू होते.

तंबूत मोठे साहेब दात कोरत बसलते. आता एक रीत समजून घ्या, नाही तं पुढचं कळणार नाही. खालून विमानाशी जे बोलतात ना, त्यांचं रेडिओवरचं नाव माणसाच्या नावानं नसते. आधी जागेचं नाव, मंग कामाचं. उतरायची परवानगी देणारं ते 'टॉवर'. नुसती माहिती सांगणारं ते 'रेडिओ'. नाव ऐकूनच पायलटले समजते, खालच्यावर किती भरवसा ठेवायचा ते.

साहेबानं मोहतांड्याचं विकासनगर केलं अन् नाव ठेवलं, 'विकासनगर टॉवर'.

"साहेब, हे नाव बदलवा," हिरासिंग म्हणे. "टॉवर म्हटलं का वरच्या पायलट पोरीले वाटन, कोणीतरी पट्टी पाहून उतरवून राह्यलं. आपल्यापाशी ना मनोरा, ना तसा परवाना. आपण नुसतं रेडिओ."

"मंत्र्याच्या विमानाले रेडिओ? गाणे लावतो का बे?" साहेब हसला. "अन् त्या तांड्याचं नाव तं काढूच नको. किळस येते मले."

किळस येते म्हणे! बाहेर आतडी सडून राह्यली, अन् ह्याले तांड्याच्या नावाची किळस.

अंधार पडला. पट्टीच्या दोन्ही बाजूनं रॉकेलच्या दिवट्या पेटवल्या. तेवढ्यात संचावर भैरवीचा आवाज आला. तरणी पायलट होती ते. त्या आठवड्यात रोज येऊन राह्यलती, अन् बोलणं संपलं का दरवेळी म्हणे, "नमस्कार, काका." हिरासिंगनं तिचं तोंड कधी पाह्यलं नव्हतं, पण पोरीवानी जीव लागलता.

"विकासनगर टॉवर, उतरू का?"

हिरासिंगनं बाहेर पाह्यलं. टोकाकडं काहीतरी हलून राह्यलं होतं...

"साहेब, पाहून येऊ द्या. पोरीच्या जीवाचा सवाल हाय."

"अन् मंत्री काय वरतं घिरट्या घालतीन? दे इकडं!" साहेबानं माईक हिसकला. "उतरा. पट्टी साफ."

विमान खाली येऊ लागलं.

संचाची खरखर थांबली.

एकदम.

मंग... एका बाईचा आवाज. म्हातारा. थकलेला.

"मोहतांडा रेडिओ."

हिरासिंगनं साहेबाकडं पाह्यलं. आवाज बंजाऱ्यांच्या गोरबोलीत होता. माईक साहेबाच्या हातात. दुसरा संच नव्हता...

"इथं माणसं झोपले हायेत. नको उतरू, बाई."

मानीबाई.

साहेबाच्या हातून माईक पडला. विमान आलं. खाली... अजून खाली... त्याचा उजेड पट्टीवर पडला. रानडुकरं! कळपच्या कळप. आतड्यांत तोंडं खुपसलेले, लाळ गळून राह्यली, एकमेकांच्या तोंडातून ओढून राह्यले. अन् इंजिन किंचाळलं, विमान त्यांच्या पाठीवरून वर गेलं. गेलं ते सरळ नागपूरकडं.

साहेब तिथंच भडाभडा ओकला. हिरासिंगनं त्याले पाणीही देल्लं नाही. बरं केलं!

मंग तो संचासमोर बसला. कितीतरी वेळ. "मोठी आई," म्हणे. "मोठी आई, बोल ना..."

काही नाही. नुसती खरखर.

तंबूतला फोन वाजला. भैरवी होती, नागपूरच्या विमानतळावरून, मोबाईलवर.

"काका, वाचलो आम्ही. त्या दुसऱ्या बाई कोण होत्या? इंग्रजीतून बोलल्या, अगदी नियमानं. रेडिओ म्हणाल्या म्हणून मी स्वतः नीट पाहिलं खाली. नाहीतर तुमच्या टॉवरच्या भरवशावर उतरलेच असते."

हिरासिंगनं विचारलं, "बेटा... तुह्या विमानाचे चाकं तं टेकले नाही ना इथं?"

"नाही, काका. टेकायच्या आधीच वर घेतलं. पण..."

"पण काय?"

मागं माणसांचा गलका ऐकू येत होता.

"काका, इथली माणसं मला विमानाची चाकं दाखवतायत. तिन्ही चाकं शेणानं सारवलेली आहेत. बोटांचे फराटे दिसतायत... अजून ओलं आहे."